एकच दिवस हाताशी असेल तर मालवण की वेंगुर्ला-रेडी?

दर डिसेंबरला कोणीतरी विचारतंच, गाडीने गोव्याला चाललोय, वाटेत एक दिवस कोकणात काढायचाय, बीच तर पुढे बघणारच आहोत, मग जरा हटके काय आहे? मी मालवणही केलंय आणि वेंगुर्ला-शिरोडा-रेडी हा पट्टाही. एकदा शहाणपणा करून दोन्ही एकाच दिवशी करायला गेलो आणि पार वाट लागली, ते पुढे सांगतो.

मालवणात आलात की सिंधुदुर्ग किल्ला चुकवायचा नाही, हे काही मी वेगळं सांगायला नको. 1664 ला बांधायला घेतलेला, पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं वगैरे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण तिथली खरी गंमत बारीकसारीक गोष्टींत आहे. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दोन छोट्या घुमट्यांत जपलाय, आणि शिवराजेश्वर मंदिरातली महाराजांची मूर्ती चक्क बिनदाढीची, डोक्यावर कोळ्यासारखी टोपी. आपल्या डोळ्यासमोरचे महाराज आणि हे महाराज यांचा मेळ बसायला दोन मिनिटं जातात. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, नावं कशी तर दूधबाव, दहीबाव, साखरबाव. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा पण बघाच, किल्ल्याचा मुहूर्त करताना इथेच पूजा झाली असं सांगतात, खडकात गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत आणि बहुतेक गाड्या त्याच्याजवळून न थांबता सुसाट जातात.

आता मालवणची अडचण. होडी. सुट्टीच्या दिवशी जेटीवर ही रांग, त्यात किल्ल्यावर सोडलं की तासाभरात परत बोलावतात, आणि पावसाळ्यात तर होड्या बंदच. आम्ही गेलो तेव्हा होडीवाला काका शांतपणे म्हणाला, "वारो आसा, जरा थांबा." जरा म्हणजे सव्वा तास. मग किल्ला, मग जेवण, तीन वाजले, आणि तरी आम्ही वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलो, गाडीने दीड तास तरी जातोच, डच वखार गाडीतूनच बघितली आणि रेडीला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. गणपती दिसला, बाकी काही नाही. बायको अजून टोमणे मारते.

म्हणून दुसऱ्या वर्षी फक्त वेंगुर्ला ते रेडी केलं. आणि खरं सांगू का, विचित्र गोष्टींचा शौक असेल तर हाच पट्टा भारी आहे.

आरवलीचा वेतोबा घ्या. ग्रामदैवत, माणसापेक्षा बरीच उंच उभी मूर्ती, पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची. नवस फेडायचा तर केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला. चपला म्हणजे आपल्या मापाच्या नाही हो, मी हात लावून बघितलं तर कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक चप्पल, वर पुन्हा उरतेच. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. आत पिकलेल्या केळ्यांचा आणि नव्या चामड्याचा वास एकत्र येतो, तो मला कुठल्याच दुसऱ्या देवळात आलेला नाही. आमच्या चिरंजीवांनी पहिला प्रश्न विचारला, "देवाचा नंबर किती?" शेजारच्या आजी इतक्या हसल्या की विचारू नका.

पुढे शिरोडा. इथली मिठागरं म्हणजे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा, आपल्याला फक्त दांडी पाठ असते. रस्त्यावरून पांढरे ढीग दिसले की थांबा, पण कोणाच्या वाफ्यात पाय घालू नका. त्याच्या पुढे रेडी, लोहखनिजाच्या खाणींचं गाव. 1976 साली एका ट्रक ड्रायव्हरला स्वप्न पडलं आणि खाणीत खोदल्यावर दोन हातांचा गणपती निघाला, उंदीर मागाहून सापडला अशी तिथली हकीकत. विश्वास ठेवा नका ठेवू, खाणीच्या लाल मातीतला तो प्रचंड गणपती समोर बघताना पोरं गप्प झाली होती हे खरं.

वेंगुर्ल्यात बंदराजवळचं दीपगृह, सागरेश्वरचा निवांत किनारा, आणि मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडी वल्हवत नेतात ती सफर. डच वखार सतराव्या शतकातली, आता पडीक, छप्पर गेलंय, दहा मिनिटं पुरेत.

जेवणात मात्र मालवण सरळ जिंकतं. सुरमई थाळी, तिसऱ्या, सोलकढी, पर्याय भरपूर. वेंगुर्ल्यात मासे ताजेच पण खानावळी कमी, उशीर केलात तर "संपलं" ऐकायची तयारी ठेवा. गाडीत आई असेल तर अजून एक भानगड, मासे खाऊन देवळात जायचं नाही. त्यामुळे आम्ही सकाळी लवकर थेट रेडी गाठली, मग उलटे येत शिरोडा, आरवली, आणि मासे शेवटी वेंगुर्ल्यात. आई खूष, आम्ही पण खूष. मालवणात किल्ल्यावरच्या देवळाचं दर्शन आधी होत असल्याने हा प्रश्न आपोआप सुटतो.

तर पहिल्यांदाच जाताय, पोरांना होडी-किल्ला-स्कूबा हवंय, मुक्काम पण करताय, तर मालवण, आणि पहिली होडी पकडा. महाराजांचा किल्ला आधी झालाय आणि संध्याकाळी गोव्यात पोचायचंय तर डोळे झाकून दुसरा पट्टा. मग मात्र आमचा क्रम उलटा करा, वेंगुर्ला आधी आणि रेडी शेवटी, कारण रेडीच्या पुढे तेरेखोल लागलंच आणि तिथून फेरीबोटीत गाडी घालून केरीला उतरता येतं. फेरीची वेळ आधी कोणाला तरी विचारून घ्या, नाहीतर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून वळसा आहेच. आणि आई बरोबर असेल तर त्या दिवशी मासे गोव्यात.