जुनं सीएनसी मिलिंग मशीन, नऊ महिन्यांनंतर: राग मात्र एका पिवळ्या वायरवर

मशीनची ओळख करून देत बसत नाही. संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं, तीन अक्षांचं, जाड सीआरटी स्क्रीनचं, दुसऱ्याच्या हातून आलेलं. कास्टिंग दणकट, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) शांत, माप अजूनही नीट धरतं. लिहायला बसलो ते विजेच्या पॅनेलमुळे. खरं सांगायचं तर पॅनेलमधल्या एका वायरमुळे.

पहिले तीन महिने सुखात गेले. मग चालू कटमध्ये इमर्जन्सी स्टॉपचा अलार्म यायला लागला. बटण कुणी दाबलेलं नाही, रीसेट केलं की मशीन पुन्हा साळसूदपणे चालू. जॉब मात्र वाया, कधी एंडमिल, म्हणजे कटरही. सर्व्हिसवाले आले तेव्हा तासभर एकदाही अलार्म नाही. तरी निदान झालंच: "आय-ओ बोर्ड गेलंय, बदलून टाका." (म्हणजे कंट्रोलचे सिग्नल आत-बाहेर करणारं कार्ड.) कशावरून? "जुनं आहे ना." एवढ्यावर खिशात हात घालणारा माणूस मी नाही. मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो.

इमर्जन्सी स्टॉपची, म्हणजे ई-स्टॉपची, साखळी तशी साधी. २४ व्होल्ट निघतात आणि पॅनेलवरचं बटण, हँडव्हीलवरचं बटण, तिन्ही अक्षांचे ओव्हरट्रॅव्हल लिमिट स्विच (अक्ष हद्दीबाहेर गेला की तुटणारे) असे एकामागोमाग पार करत रिलेच्या कॉइलपर्यंत जातात. सगळे कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेले; एक सुटला की रिले पडतो, खेळ संपला. काळी प्रोब शून्य व्होल्टला, लाल एकेका टर्मिनलवर. जिथे २४ गायब, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष. पॅनेलच्या दाराच्या खिशात तेलकट पण पूर्ण ड्रॉइंगही सापडलं, तेव्हा वाटलं अर्ध्या तासाचं काम.

दोन दिवस गेले. आकडे ड्रॉइंगशी जुळेचनात. झेडचा वरचा लिमिट स्विच हाताने दाबून धरला तरी पुढच्या टर्मिनलवर २४ तसेच. शेवटी डक्टचं झाकण काढून टॉर्च मारला, तर सगळ्या वायरींच्या तळाशी एक पिवळी वायर. नंबर नाही, फेरूल (टोकाची धातूची टोपी) नाही, तारा नुसत्या पिळून स्क्रूखाली कोंबलेल्या. कुणीतरी तो लिमिट स्विच चक्क बायपास करून ठेवला होता. स्विच उघडला तर आत कूलंटचा चिखल. दहा मिनिटांचं काम टाळायला पाच सेकंदांचा जुगाड! आणि मी तीन महिने वरच्या लिमिटशिवाय झेड पळवत होतो. बरं, केलंस तर केलंस, निदान नंबर तरी लाव की रे बाबा. ड्रॉइंगवर पेन्सिलीची एक रेघ ओढली असतीस तरी माझे दोन दिवस वाचले असते.

वायर उपटली, स्विच बदलला, पुन्हा मोजत गेलो. टेबल वायमध्ये पार मागे नेलं की वाय लिमिटनंतरचे २४ लुकलुकायला लागले. सप्लाय बंद करून कंटिन्युइटी (तार अखंड आहे का ते) बघितली, तर खणखणीत बीप. स्विचही ठीक. मग टेबल मागे ठेवूनच ड्रॅग चेनच्या (टेबलाबरोबर केबल नेणाऱ्या साखळीच्या) वळणावर केबल वाकवली आणि बीप तुटला. आतली एक कोर, म्हणजे एक तार, हलकेच ओढली तर रबरासारखी लांबली. इन्सुलेशन अखंड, तांबं आत तुटलेलं. केबलमध्ये रिकामी कोर होती, पण तीही त्याच वळणातून रोज वाकत आलेली, म्हणून पूर्ण केबलच ड्रॅग चेनसाठीची, बारीक तारांची टाकली. बोर्ड जिथल्या तिथे आहे.

इथवरचं सहाव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. 'आता पॅनेल ठणठणीत' असंही शेवटी लिहिलं होतं. ते खोडतो. सातव्या महिन्यात झेडच्या सर्व्होला, म्हणजे मोटर आणि तिला चालवणाऱ्या ड्राइव्हला, ओव्हरलोडचा अलार्म यायला लागला, तोही चाळीसेक मिनिटं चालल्यावर. मी स्लाइडच्या तेलावर संशय घेतला, लाइन साफ केली, फरक शून्य. मोटर हाताला चटका देत होती. २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय मोजला, २३.८. मग सगळे कॉन्टॅक्टर (मोठे रिले) आणि सोलेनॉइड ओढलेले, म्हणजे पूर्ण लोड असताना मोजला, तर १९.६. झेडच्या ब्रेकला सुटायला पुरते व्होल्ट मिळत नव्हते आणि मोटर ब्रेक घासत फिरत होती. मीटर एसी रेंजवर टाकला तर एक व्होल्टाच्या वर रिपल, म्हणजे डीसीत उरलेली लहर. सप्लाय उघडला, दोन कपॅसिटर डोकी फुगवून बसलेले. नवा सप्लाय लावला तेव्हापासून मोटर कोमट.

मेमरीची बॅटरी पहिल्याच आठवड्यात बदलली होती, कंट्रोल चालू ठेवून. ते ज्यांनी केलं नसेल त्यांनी आधी करावं, पॅरामीटर (मशीनच्या सगळ्या सेटिंग्ज) उडाले तर वरचं सगळं किरकोळ वाटेल. आणि ड्राइव्हमध्ये हात घालण्याआधी मेन बंद करून आत साठलेला चार्ज दाखवणारा दिवा विझेपर्यंत थांबा.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक मशीनचा नाही, पिवळ्या वायरवाल्याचा. सध्या कूलंट पंपाचा कॉन्टॅक्टर घुरघुरतोय, आर्मेचरच्या (आतल्या हलत्या लोखंडाच्या) तोंडावर घाण बसली असावी. रविवारी उघडतो.