पोवई नाक्याजवळच्या क्लासची बजेटची रविवार बॅच - माझा अनुभव

मी एमपीएससीवाली नाही, कोरेगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका क्लासनं दोन रविवारची बजेटची बॅच काढलीय असं पुतणी म्हणाली आणि मी पण नाव घातलं, फी ८०० रुपये. जायचं कारण एकच, ग्रामसभेत भावकीतल्या एका काकांनी विचारलेलं की रस्ता नवा केलाय तर कामाच्या बोर्डावर ३०५४ कसं, ते तर दुरुस्तीचं हेड (सरकारी हिशोबातलं खर्चाचं खातं) ना, मग नव्या रस्त्याचे पैसे गेले कुठं? सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला उत्तर देता आलं नाही, ते फार लागलं मनाला.

पहिल्याच तासाला सरांना मोबाईलमधला त्या बोर्डाचा फोटो दाखवला. त्यांनी फळ्यावर मोठ्ठं ३०५४ लिहिलं आणि नुसत्या पहिल्या ३ वर बोट ठेवलं. लेखाशीर्ष, म्हणजे हेडचा नंबर, २ नाहीतर ३ नं सुरू झाला की महसुली म्हणजे चालू खर्च, ४ नाहीतर ५ असेल तर भांडवली म्हणजे मालमत्ता उभी करायचा खर्च, ६-७ म्हणजे सरकारनं दिलेली कर्जं. २२०२ शिक्षण, २२१० आरोग्य. ३०५४ म्हणजे रस्ते-पूल, ५०५४ पण रस्ते-पूलच, पण भांडवली. आता मेन गोष्ट, ३०५४ मध्ये देखभाल दुरुस्ती तर येतेच पण राज्य जिल्हा परिषदेला रस्त्यांसाठी जे अनुदान देतं ते पण त्यातनं जातं, आणि तो रस्ता जिल्हा परिषदेच्या मालकीचा, राज्याचा नाही, म्हणून राज्याच्या हिशोबात तो महसुलीच धरतात. म्हणजे नुसत्या नंबरवरनं रस्ता नवा का दुरुस्तीचा ते ठरत नाही ताई, त्या कामाचं अंदाजपत्रक आणि एमबी (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) मागा, असं सर म्हणाले. काकांना हेच सांगायचं होतं मला!

अजून एक पटलं, महसुली म्हणजे वाया गेलेला पैसा असं आपल्याकडं सर्रास बोलतात ते चूक आहे. आरोग्य उपकेंद्राची इमारत भांडवली आणि नर्सबाईंचा पगार महसुली, पण बाईच नसतील तर त्या इमारतीला कुलूपच ना.

१५ व्या वित्त आयोगाचं, म्हणजे ग्रामपंचायतीला येणाऱ्या केंद्राच्या निधीचं पण नीट घेतलं. २०२१-२२ ते २०२५-२६ ला ६० टक्के बंधित म्हणजे स्वच्छता आणि पाणी, ४० टक्के अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण त्यातनं पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. आमच्याकडं दर मीटिंगला यावरनंच वाद होतात.

आता जे आवडलं नाही ते. छापील नोट्समध्ये अजून खर्चाची योजना-योजनेतर अशी जुनी विभागणी आहे, केंद्रानं ते २०१७-१८ पासनं बंद केलंय आणि आपल्या राज्याच्या बजेटात आता अनिवार्य खर्च आणि कार्यक्रम खर्च असं असतं. सरांनी तोंडी सांगितलं म्हणून कळलं, पण नुसत्या नोट्स वाचणाऱ्या पोरांचे मार्क जातील की, परीक्षेवर वर्ष घालवतात ती. भारित (ज्यावर सभागृहात मतदान होत नाही तो खर्च) आणि दत्तमत (ज्यावर होतं तो) तर शेवटच्या १० मिनिटात उरकलं. मागच्या बाकावर आवाज पोचत नाही, लवकर जाऊन पुढं बसा.

पाचपैकी चार स्टार. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, तेव्हा आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना आणि त्या काकांना पण घेऊन जाणार आहे, काका तयार झालेत.