सोनेरी बॉर्डरसाठी फोटोशॉप घ्यावं की गिंप?

साक्षगंधाच्या आणि लग्नाच्या पत्रिकांची कामं घेणाऱ्याला सोनेरी बॉर्डर काही चुकत नाही. नागपुरात तर पत्रिका हातात घेतल्यावर लोक आधी तिची चमकच बघतात. फोटोशॉप आणि गिंप ही दोन्ही फोटो-डिझाइनची सॉफ्टवेअर. मी काही वर्षं गिंपवर काम केलं, आता फोटोशॉपवर करतो. दोन्ही वापरून झालीत, म्हणून लिहितोय.

पैशाचं आधी. गिंप फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून भाड्यानेच मिळतात. महिन्याला दोन-चारच पत्रिका होत असतील तर सरळ गिंप घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

धातूचा भास दोन्हीत होतो. नुसत्या पिवळ्याने सोनं दिसत नाही, हळद दिसते. गडद तपकिरी, पिवळा, जवळजवळ पांढरा आणि लगेच पुन्हा तपकिरी असे पट्टे खेटून आले की डोळा ते सोनं मानतो. फोटोशॉपमध्ये स्ट्रोकला (आकाराच्या कडेच्या रेघेला) ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात सरकणारे रंग) देऊन त्याची स्टाइल शेप बर्स्ट केली की हे पट्टे बॉर्डरच्या कडेकडेने फिरतात आणि सळई गोल वाटते. पोझिशन इनसाइड ठेवा, आउटसाइडला कोपरे गोल होतात. गिंपमध्ये ग्रेडियंटचा शेप्ड प्रकार साधारण हेच काम करतो. इथवर मला दोघांत फार फरक वाटला नाही.

फरक कोपऱ्यात कळला. साक्षगंधाच्या एका पत्रिकेला चारही कोपऱ्यांत कोयरी हवी होती. गिंपमध्ये एक कोयरी केली, बेव्हल (कडांना उठाव देणारा इफेक्ट) दिला, कॉपी करून फिरवून चारही ठिकाणी बसवली. स्क्रीनवर छान दिसत होतं. नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यातून प्रूफ (छपाईचा नमुना) आलं, तेव्हा मुलीच्या वडिलांनी ते जरा लांब धरलं आणि म्हणाले, "भाऊ, ही खालची कोयरी दबल्यासारखी नाही का वाटत?"

त्यांचं बरोबर होतं. वरच्या डाव्या कोयरीवर उजेड वरून पडत होता. तीच १८० अंशांत फिरवून खाली उजवीकडे लावली, तर चमकही तिच्यासोबत फिरली आणि उजेड खालून आला. आपला डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, म्हणून उठावाचा खळगा दिसतो. त्या रात्री बॉर्डर पहिल्यापासून केली.

फोटोशॉपमध्ये बेव्हल लेयरवर (चित्राच्या थरावर) वेगळी स्टाइल म्हणून राहतो. लेयर कसाही फिरवा, चमक नव्याने बसते. यूज ग्लोबल लाइट ही सेटिंग सुरू असली की सगळे कोपरे, मधली पट्टी, वरचा गणपतीसुद्धा एकाच कोनातला उजेड घेतात. मी १२० अंश ठेवतो.

गिंपवाल्यांसाठी उपाय आहे. चारही कोयऱ्या आधी सपाट बसवा, एकत्र करा आणि बेव्हल सगळ्यात शेवटी द्या. पण पार्टीने शेवटच्या दिवशी "बॉर्डर थोडी बारीक करा ना" म्हटलं की पुन्हा सगळं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये फिल्टर (बेव्हलसारखा इफेक्ट) लेयरवर तसाच राहतो, नंतर बदलता येतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. आज सुरुवात करत असतो तर कदाचित मीही जास्त विचार केला असता. तरी सगळ्या लेयरना एकच उजेड देणारी सोय तिथे नाही, आणि माझं अडतं ते तिथेच.

छपाईचं थोडक्यात. फोटोशॉपमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) मोडमध्येच काम करता येतं. गिंपमध्ये काम आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) होतं, त्यामुळे प्रूफमध्ये सोनं मातकट येत नाही ना ते नक्की बघा. खरी फॉइल (चकाकणारा सोनेरी पापुद्रा) मारायची असेल तर यातलं काहीच लागत नाही. छापखान्याला फक्त सपाट काळी आकृती द्यावी लागते, ती मी कोरल या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो.

ती कोयरी आता माझ्याकडे स्टाइलसकट सेव्ह आहे. कोणी चांदीची मागितली की फक्त ग्रेडियंट बदलतो, उजेडाला हात लावावा लागत नाही.