कड्यावरची 'राखीव' जागा

दक्षिण आफ्रिकेत हर्मानसला कड्यावरून देवमासे बघायला परवाना लागत नाही, तिकीट लागत नाही. गावाच्या कडेने, समुद्राला लागून सुमारे १२ किलोमीटरची पायवाट आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे. हे आधीच सांगतोय, कारण एका टूरवाल्याने मला विकलं ते नेमकं हेच: 'फोटोग्राफरांसाठी राखीव प्लॅटफॉर्म' आणि वर त्याची 'परमिट फी'.

ठरली होती सप्टेंबरची तारीख. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावर निरोप आला की प्लॅटफॉर्म भरलाय, डिसेंबरात या, तेव्हा गर्दी कमी असते. कमी असते ती देवमाशांची. माणसांची तर तिथे तेव्हा उन्हाळी सुट्टीची झुंबड. सदर्न राइट जातीचे देवमासे हर्मानससमोरच्या वॉकर बे या उपसागरात विणीसाठी येतात ते साधारण जून ते नोव्हेंबर, त्यातही भर ऑगस्ट ते ऑक्टोबर. डिसेंबरपर्यंत बहुतेक दक्षिणेच्या थंड पाण्याकडे परतलेले असतात. तारीख नको म्हटलं तर पैसे बुडीत, हा नियम पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत होता. म्हणून डिसेंबरातच गेलो.

तो राखीव प्लॅटफॉर्म म्हणजे पायवाटेवरचं साधं बाकडं निघालं. आम्ही ट्रायपॉड लावतोय तोवर एक आजीबाई कुत्र्याला घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याकडे परमिट नव्हतं.

'देवमासा दिसला नाही तर पैसे परत' हे आश्वासनही होतं. त्याखालचं कलम मात्र वाचण्यासारखं: श्वासाचं कारंजं, पाण्याची खळबळ किंवा तत्सम खूण दिसली तरी दर्शन झालं असं धरलं जाईल. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा सुटतो आणि समुद्रभर लाटांचे पांढरे शेंडे फुटत राहतात. आमचा वाटाड्या अधूनमधून बोट दाखवून म्हणायचा, "ते बघा!" पुढे परताव्याचा विषय काढला तेव्हा यातलं प्रत्येक 'ते बघा' दर्शन म्हणून मोजलेलं होतं. खऱ्या सदर्न राइटचा फवारा इंग्रजी 'व्ही'सारखा दोन बाजूंना फुटतो, पाठीवर पर नसतो, डोक्यावर खरखरीत पांढुरके चट्टे असतात. यातलं काहीच दिसलं नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "अंतर फार होतं, सर."

मग सांत्वन म्हणून एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. "हे फोटो वापरा, नाव तुमचंच टाका." जाहिरातीतले फोटोही हेच. ते मोठे करून पाहिले आणि सगळा बनाव उघडा पडला. एका फोटोत शेपटीमागे आभाळ होतं. तीस मीटर उंच कड्यावरून पाचशे मीटरवरच्या देवमाशावर ६०० मिमीची लेन्स रोखली तर क्षितिज फ्रेमच्या बाहेर जातं, मागे नुसतं पाणी उरतं. शेपटी आभाळावर उमटते ती पाण्यालगत, म्हणजे होडीतून. शिवाय त्या अंतरावर साडेचार मीटर रुंदीची शेपटी फुल-फ्रेम कॅमेऱ्यातल्या फोटोच्या रुंदीचा जेमतेम सातवा भाग व्यापते. इथे ती काठोकाठ भरलेली. हर्मानसला देवमासे कधी कधी कड्याच्या अगदी पायथ्याशी येतात हे खरं, पण तेव्हा आपण त्यांच्याकडे वरून खाली बघत असतो. दुसरा फोटो थेट डोक्यावरून घेतलेला, अर्थात ड्रोनचा. तिसऱ्यातला प्राणी तर सदर्न राइटच नव्हे. पांढरे, लांबलचक वल्ह्यांसारखे पर आणि पाठीवर छोटा उंचवटा, म्हणजे सरळसरळ हंपबॅक, देवमाशाची वेगळीच जात. त्यामुळे अशी टूर विकणाऱ्याकडे 'कड्यावरून काढलेल्या' फोटोची मूळ, न कापलेली फाइल मागा, तारखेसकट. मी ती नंतर मागितली, तेव्हापासून उत्तरं येणं बंद झालं.

बँकेने हात वर केले: रक्कम ग्राहकाने स्वतः पाठवली आहे. ही मंडळी कार्डाने पैसे घेत नाहीत, थेट खात्यातच मागतात, त्याचं कारण तेव्हा कळलं: कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागता येतात.

आता तीच जाहिरात दुसऱ्या नावाने फिरतेय. या वेळी कडा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हेड ऑफ बाइटचा. तिथे प्रवेशशुल्क खरोखरच आहे, पण ते रीतसर केंद्रावर भरायचं असतं, कुणाच्या खासगी खात्यात नाही. सदर्न राइट तिथेही हिवाळ्यातच येतात, साधारण जून ते ऑक्टोबर. जाहिरातीत तारीख जुलैची आहे, आणि खाली तीच बारीक अक्षरं: 'अपरिहार्य कारणास्तव तारखेत बदल संभवतो.'