आठ महिने वापरून: देव शेकडा दहाच वेळा ऐकतो

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाची 2014 ची नियमावली, मालवणच्या टेबलावर आठ महिने. क्लास, रेस, लढाई सगळ्यांना पाठ आहे. इथे फक्त नशीब आणि देवाचे नियम.

आधी तक्रार. दहाव्या लेव्हलचा क्लेरिक, म्हणजे पुजारी पात्र, हा देवाचा हक्काचा माणूस. पण डिव्हाइन इंटरव्हेन्शन, म्हणजे देवाची थेट मदत, मागितलं की शंभराचा फासा टाकायचा आणि आकडा लेव्हलएवढा किंवा त्याखाली आला तरच देव धावणार. म्हणजे शेकडा दहा. रोज एकदा असं सात दिवस मागत राहिलं तरी निदान एक होकार मिळायची शक्यता 52 टक्के, आणि होकार मिळाला की पुढचे सात दिवस तोंड बंद. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख जिथे कौलाने ठरते, तिथल्या खेळाडूंना हा नियम पटणं कठीण. 2024 च्या नियमांत फासा काढला: लाँग रेस्टमागे (रात्रीच्या मोठ्या विश्रांतीमागे) एकदा, पाचव्या लेव्हलपर्यंतचा क्लेरिकचा मंत्र, स्लॉट (मंत्रांचा ठरलेला कोटा) आणि सामग्री न खर्चता. हमखास, पण देव पगारी नोकर झाला.

पोर्टेंटची गंमत वेगळी. भविष्यविद्या शाखेच्या विझार्डने (जादूगाराने) लाँग रेस्टनंतर वीस बाजूंचे दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे, मग दिवसभरात समोर दिसणाऱ्या कुणाच्याही फाशाच्या जागी ते चिकटवायचे. सटवाईचं लिखाण, फक्त टाक विझार्डच्या हातात. वैऱ्याच्या कपाळी 3 लिहिला की त्याचं सेव्ह (बचावाचा फासा) बहुधा बुडालंच. भांडण एकाच ठिकाणी होतं: आकडा फासा पडण्याआधी जाहीर करायचा असतो, आणि लोक पडलेला फासा बघून ओरडतात. असा उशिरा सांगितलेला आकडा धरू नये.

आता ऑग्युरी, म्हणजे देवाला शकुन विचारायचा मंत्र. सुरुवातीला हा मंत्र स्लॉटची नासाडी वाटला होता. मत साफ बदललं. उत्तरं चारच: शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. कौलातला उजवा, डावा, आणि पाकळी जागची न हलणं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावावं लागत नाही. रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधीने, केला तर स्लॉट जात नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. खुणांच्या काड्या किंवा हाडं 25 सोन्याच्या नाण्यांची, पण ती खर्ची पडत नाहीत. एकदा घेतली की कायमची. चौथ्या लेव्हलचा डिव्हिनेशन हा असाच मंत्र मात्र दर वेळी 25 नाण्यांचा धूप-नैवेद्य खातो. परवडत नाही.

प्रश्न गुरवासमोर मांडतात तसा मांडावा: एकच कृती, ठरलेली, पुढच्या अर्ध्या तासातली. ‘राजा चांगला की वाईट’ चालत नाही. ‘आत्ता या भुयारात उतरलो तर?’ चालतं. ‘काहीच नाही’ म्हणजे धोका नाही, असं धरून लोक मरतात. त्याचा अर्थ विशेष भलंही नाही, विशेष वाईटही नाही. आणि नंतर कुणी साथीदार सोडून गेला किंवा वेगळा मंत्र टाकला तर तो बदल उत्तरात धरलेला नसतो. माणसाच्या मर्जीला जागा ठेवणारी ही एक ओळ मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात आवडली.

पुन्हापुन्हा विचारलं की बिघडतं. लाँग रेस्टच्या आत दुसऱ्यांदा 25, तिसऱ्यांदा 50 टक्के शक्यता की उत्तर अंदाधुंद येईल, आणि तो फासा डीएम (खेळ चालवणारा) लपून टाकतो. चारांतलं एक उत्तर फाशाने काढलं, तर तिसऱ्या वेळी 37.5 टक्के वेळा चुकीचं. 2024 मध्ये त्याऐवजी उत्तरच मिळत नाही. इथे नवा नियम सरस. गप्प बसलेला देव समजून घेता येतो, खोटं बोलणारा नाही.

एकच आकडा सारखा पडतो म्हणून देवाला दोष देण्याआधी ॲक्रिलिकचा फासा तपासा. 100 मिली पाण्यात 35 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, फासा सोडून टिचकी मारत राहा. दर वेळी तोच आकडा वर आला तर ती बाजू हलकी, बहुधा आत हवेचा बुडबुडा आहे. दर्याचं पाणी कामाचं नाही. त्यात मीठ याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं, फासा सरळ तळाला जातो.

पैसे घालायची घाई नको. 5.1 (2014 चा) आणि 5.2 (2024 चा) हे दोन्ही एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचे अधिकृत संच, फुकट आहेत, ऑग्युरी आणि डिव्हाइन इंटरव्हेन्शन दोन्हींत सापडतात. पोर्टेंट हवा असेल तरच पुस्तक. आमच्या टेबलावर आता इंटरव्हेन्शन जुनं, शंभराच्या फाशासकट, आणि ऑग्युरी नवी.