कोडची कॉम्प्लेक्सिटी ८४ वरून ९ वर आली म्हणून पैसे दिले, आणि ठेवीदारांचं व्याजच जमा झालं नाही

मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर विभाग बघतो, गेली ११ वर्षं. आमची ठेवींवरची सगळी व्याज आकारणी ओरॅकल डेटाबेसमधल्या एका प्रोसिजरवर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालते आणि ती प्रोसिजर म्हणजे येईल त्याने ठिगळ लावलेली गोधडी, ज्येष्ठ नागरिक असेल तर हा दर, मुदत वर्षाच्या वर असेल तर तो, ठेव मुदतीआधी मोडली तर तिसराच, इफच्या आत इफ. हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी संचालक मंडळाची मंजुरी घेऊन एका कंपनीला ती साफ करायचं काम दिलं. नाव घेत नाही, पण त्यांनी काय केलं ते सगळं लिहितोय, कारण असा कोड बऱ्याच पतसंस्थांमध्ये असणार आणि असे लोक तिथंही जाणार.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी आकडा दाखवला. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, कोडमधला गुंता मोजायचं, थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेलं माप. प्रोसिजरमध्ये जिथे जिथे वाट फुटते, इफ, लूप, केसमधले व्हेन, ते मोजायचे आणि त्यात १ मिळवायचा. मॅकेब यांनी १० ची मर्यादा सुचवली होती, आमची निघाली ८४. मग करारात लिहिलं की प्रत्येक प्रोसिजर १० च्या खाली आली की पूर्ण पेमेंट. मी इथेच फसलो.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, सगळं हिरवं, सगळ्यात मोठा आकडा ९. सोबत टेस्टचा स्क्रीनशॉट, जुन्या आणि नव्या कोडच्या रिझल्टला मायनस (एकात असून दुसऱ्यात नसलेल्या ओळी दाखवणारी कमांड) लावलेला, फरक एकाही ओळीचा नाही. ४ लाख ८० हजार दिले.

पुढे जूनमध्ये आम्ही सभासदांच्या टेबलमधल्या एका कॉलमचं नाव बदललं. नेहमी असं केलं की त्या कॉलमवर अवलंबून असलेल्या प्रोसिजर डेटाबेसमध्ये इनव्हॅलिड, म्हणजे बिघडलेल्या दिसतात, त्या दुरुस्त करायच्या, झालं. यावेळी सगळं व्हॅलिड. ३० जूनच्या रात्री तिमाही व्याजाचा जॉब चालला, एररशिवाय संपला. तिसऱ्या दिवशी एक आजी पासबुक घेऊन काउंटरवर, "बाळा, माझं व्याज नाही रे आलं या वेळी." त्या व्याजावर त्यांची महिन्याची औषधं असतात. बघितलं तर एकाही ज्येष्ठ नागरिकाच्या खात्यावर व्याज पडलेलं नव्हतं.

रात्री कोड उघडला. एका प्रोसिजरचे १४ तुकडे केलेले, नावं भाग १, भाग २ अशी, आणि सगळे तुकडे पॅकेजमधल्या ग्लोबल व्हेरिएबलवर, म्हणजे कुठल्याही तुकड्याला बदलता येणाऱ्या सामायिक किमतींवर एकमेकांशी बोलतात, म्हणजे भाग ६ समजायला आधीचे पाच वाचावेच लागतात. तेही चाललं असतं एकवेळ. पण ज्येष्ठ नागरिकांच्या सगळ्या अटी त्यांनी एका दीडशे ओळींच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या नुसत्या मजकुरात कोंबल्या होत्या, चार चार अवतरणचिन्हं एकापुढे एक, आणि शेवटी एक्झिक्यूट इमिजिएट, म्हणजे तो मजकूर कोड म्हणून चालवायची कमांड. मोजणाऱ्या टूलला स्ट्रिंगच्या आतलं केस दिसत नाही, त्याच्या लेखी ते नुसतं एक वाक्य. डेटाबेसलाही आतली टेबलं, कॉलम दिसत नाहीत, म्हणून तर काहीच इनव्हॅलिड झालं नाही. आणि खाली व्हेन अदर्स देन नल, म्हणजे एरर आली की गप्प गिळायची.

स्क्रीनशॉटचं तर काय सांगू. टेस्टचा पूर्ण लॉग आमच्या सर्व्हरवर राहिला होता, त्यात वर लिहिलेलं की दोन्ही रिझल्ट टेबलांत ० ओळी पडल्या. रिकाम्यातून रिकामं वजा केलं आणि नेमका तेवढा भाग कापून फोटो पाठवला. फोन केला तर म्हणाले, करारात १० च्या खाली लिहिलंय, १० च्या खाली आहे.

तुम्ही असं काम देणार असाल तर टूल स्वतःच्या मशीनवर चालवा, कुठल्या फाइल मोजणीतून वगळल्यात ते बघा, आणि एक्झिक्यूट इमिजिएट आणि व्हेन अदर्स किती वेळा आलंय ते आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. वाढलं असेल तर गुंता गेला नाही, लपवलाय. मायनस दोन्ही बाजूंनी लावा, आणि त्याआधी दोन्हीकडच्या ओळी मोजा, मागच्या किमान आठ तिमाह्यांच्या खऱ्या डेटावर.

आम्ही ते सगळं काढून टाकलं. जुन्या कोडवरून पुन्हा सुरुवात केली, दरांचे इफ होते ते व्याजदराच्या टेबलमध्ये नेले, मुदत कितीपासून कितीपर्यंत, कोणत्या तारखेपासून लागू, आणि एका जॉइनने, म्हणजे दोन टेबलं जोडून, दर उचलतो. आता आकडा २६ आहे, १० नाही. पण नवीन लागलेली मुलगी दोन दिवसांत तो कोड वाचून मला समजावून सांगू शकली. आजींचं व्याज ९ जुलैला जमा झालं, मी स्वतः पासबुकवर एंट्री मारून दिली.