जॅक्सन १५, म्हापशात छापलेली
भाचीला ऑस्ट्रेलियाची बास्केटबॉलपटू लॉरेन जॅक्सनची जर्सी हवी होती, ओरिजिनल इथे कुठे मिळणार, म्हणून म्हापसा मार्केटजवळच्या एका दुकानात त्यांच्या अमेरिकेतल्या टीमची, सिएटल स्टॉर्मवाली हिरवी, पाठीवर १५ नंबर अशी छापून घेतली, ४५० रुपये. कापड मस्त, शिलाई पक्की. पण पावसात तीनदा धुतली आणि १५ मधला ५ कोपऱ्यातून सुटला, बाईंच्या गुडघ्यासारखाच! गुडघ्यापायी २०१६ ला रिटायर झाल्या, तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगची सर्वोत्तम खेळाडू, झालेली बाई, आणि २०२२ च्या वर्ल्ड कपला सिडनीत परत येऊन ४१ व्या वर्षी कॅनडाविरुद्ध ३० पॉइंट मारून ब्राँझ मिळवून दिलं. दुकानदाराने ५ फुकटात परत चिकटवून दिला, इस्त्री उलट्या बाजूने करा म्हणाला, हे आधी सांगायचं ना! तीन स्टार.